वळचणीखालचा चीन : शांशीतली भटकंती

चीनला जायचं ठरल्यावर ज्याने त्याने आपापली यादी हातात ठेवली. मोठी भिंत, मातीचे सैनिक, शांघायचे दिवे. मामाची यादी एका ओळीची होती : हजार वर्षं उभी असलेली लाकडी इमारत. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालाय. लाकडावर भरवसा ठेवायचा नाही, वाळवी आणि आग या दोघींपुढे कुणाचं काही चालत नाही, हे त्याचं ठाम मत. ते मत खोडून काढणारी इमारत त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

त्यासाठी शांशी प्रांत गाठावा लागतो. राजवट बदलली की जुन्या राजधानीचे महाल जळायचे किंवा मोडले जायचे. तांग सम्राटांच्या चांगआनमधला एकही लाकडी महाल आज उभा नाही. शांशीतली हवा कोरडी, मुलूख डोंगराळ, आणि पुढे गावंही गरीब. जुनं पाडून नवं बांधायला पैसे नव्हते, म्हणून जुनं राहिलं. तेराव्या शतकाआधीच्या चीनमधल्या ज्या लाकडी इमारती टिकल्यात, त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त या एका प्रांतात आहेत.

मे महिन्यात गेलो, कामगार दिनाची सुट्टी संपल्यावर. त्या सुट्टीत आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चुकूनही जाऊ नका; अख्खा देश बाहेर पडलेला असतो.

सोमवार : दातोंग

बीजिंगहून वेगवान रेल्वेने दोन-अडीच तासांत दातोंगला. पाचव्या शतकात ही उत्तर वेई घराण्याची राजधानी, पुढे ल्याव आणि जिन राजवटींची पश्चिम राजधानी. स्टेशनातून शहरात येताना भव्य तटबंदी लागते. बघून मी हरखले, पण ही तटबंदी २००८ नंतर नव्याने उभारलेली आहे. रात्री तिच्यावर दिव्यांच्या माळा लावतात. मामाने एकदा वर बघितलं आणि म्हणाला, "चल, जेवायला कुठे मिळतंय ते बघू."

जेवणाचं एकदाच सांगून टाकते. शांशी म्हणजे नूडल्स आणि व्हिनेगर. टेबलावर मीठ नसेल पण काळ्या व्हिनेगरची किटली असतेच, आणि लोक ते सढळ हाताने ओततात. पिठाचा गोळा हातावर धरून पात्याने सपासप काप उकळत्या पाण्यात उडवतात, त्या नूडल्स टोमॅटो-अंड्याच्या रश्शाबरोबर घ्या. मामा अंडं खातो म्हणून निभावलं. पूर्ण शाकाहारी असाल तर "वो छ्र सू" हे वाक्य पाठ करा, आणि तरीही डुकराची चरबी घातलीय का ते भाषांतराच्या ॲपवर लिहून विचारा. 'मांस नाही' म्हणजे 'तुकडे नाहीत' असा अर्थ बरेच जण घेतात.

मंगळवार : युनगांग आणि हुआयान मंदिर

सकाळी युनगांगच्या लेण्यांना. भिक्षू तानयाव याच्या देखरेखीखाली इसवी सन ४६० च्या सुमारास काम सुरू झालं. विसाव्या लेण्यातला उघड्यावर बसलेला जवळजवळ चौदा मीटर उंचीचा बुद्ध सगळ्यांच्या फोटोत असतो. आम्ही मात्र रेंगाळलो ते नवव्या, दहाव्या आणि बाराव्या लेण्यात. तिथल्या कारागिरांनी दगडात लाकडी घरं कोरली आहेत : कौलारू छप्पर, त्याखाली आडवी तुळई, तुळईवर उलट्या 'व्ही'सारखे दोन तिरके टेकू. एकोणचाळिसाव्या लेण्याच्या मधोमध तर पाच मजली मनोराच कोरलाय, प्रत्येक मजल्याला खांब आणि वळचण. त्या काळची खरी लाकडी घरं केव्हाच गेली. ती कशी होती हे आज या दगडावरूनच कळतं.

कार्ले-भाजे बघितलेल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. आपल्याकडेही लाकडी चैत्यगृह आधी, दगडातलं नंतर. कार्ल्याच्या छताला तर अजून खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत. लेणं खोदायची कल्पना भारतातून मध्य आशियामार्गे इथवर आली. कारागीर मात्र दगडावर आपल्याच गावातलं छप्पर कोरत राहिले.

दुपारी हुआयान मंदिर. इथे वरचं आणि खालचं असे दोन भाग आहेत. वरच्या भागातलं ११४० चं दालन नऊ खणी (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), अवाढव्य, आणि तोंड पूर्वेला. चीनमध्ये महत्त्वाची इमारत दक्षिणेकडे बघते, पण हे देऊळ मूळ ल्याव काळातलं, आणि ल्याव राज्यकर्ते खितान जमातीचे, सूर्याला मानणारे. गर्दी त्या दालनापाशीच थबकते. तुम्ही खालच्या भागात जा. १०३८ चं ग्रंथदालन तिथे आहे. आत भिंतींच्या कडेने पोथ्या ठेवायची अडतीस खणांची लाकडी कपाटं, दोन मजली, प्रत्येकाला इवलंसं छप्पर आणि खालचे सगळे जोड अगदी मापात. मागच्या भिंतीत खिडकी आली तिथे कारागीर थांबला नाही. खिडकीवरून कमानदार पूल टाकून त्यावर पाच खणांचा स्वर्गातला महाल बसवला. एरवी चाळीस फूट वर, अंधारात असणारे जोड इथे डोळ्यांच्या पातळीवर बघायला मिळतात. मामा तिथून हलेना. मी तेवढ्यात हात जोडून उभ्या असलेल्या, दात दिसतील असं हसणाऱ्या बोधिसत्त्वाला भेटून आले. मूर्तीला असं मोकळं हसताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

बुधवार : यिंगश्येनचा मनोरा

गाडी ड्रायव्हरसकट ठरवली होती. ड्रायव्हरला इथे 'शीफू' म्हणतात. आमचे शीफू पन्नाशीचे, गप्प, गाडीत कायम सूर्यफुलाच्या बिया. कड्याला चिकटलेलं अधांतरी मंदिर वाटेवरच आहे. तिथे वर चढायचं तिकीट वेगळं आणि रांग दोन तासांची, म्हणून खालूनच बघितलं. त्याऐवजी हुनयुआन गावात तिखट तेल घातलेलं थंडगार ल्यांगफन, म्हणजे स्टार्चची जेली, खाल्लं. चिनी जेवणात पहिल्यांदा नाकातोंडातून पाणी आलं, बरं वाटलं.

यिंगश्येन जवळ आलं की सपाट मैदानात आधी तो मनोराच दिसतो. १०५६ साल, उंची ६७.३१ मीटर, आठ कोन, सगळं लाकूड. बाहेरून मजले पाच दिसतात. दर दोन मजल्यांच्या मधे एक लपलेला मजला आहे, असे चार, म्हणजे खरे नऊ. लपलेल्या मजल्यांत तिरप्या टेकूंचं जाळं आहे, इमारतीला कमरपट्टे बांधावेत तसं. खांबांची दोन कडी, एक आत एक बाहेर. आणि प्रत्येक वळचणीखाली दोउगोंग.

दोउगोंग म्हणजे खांबाच्या डोक्यावर रचलेला लाकडी ठोकळ्यांचा आणि आडव्या हातांचा गुच्छ. ठोकळा, त्यावर फुलीसारखे दोन हात, हातांच्या टोकांना पुन्हा ठोकळे, त्यांवर आणखी लांब हात. प्रत्येक थर थोडा बाहेर सरकतो आणि वळचण भिंतीपासून लांब नेतो. खिळा नाही, खाचेत खाच. भूकंपात हे जोड एकमेकांवर किंचित घसरतात, कुरकुरतात, धक्का जिरवतात. भिंती नुसत्या भराव्याच्या. भिंत पडली तरी घर पडत नाही, अशी तिथे म्हणच आहे. या मनोऱ्यात चोपन्न प्रकारचे दोउगोंग आहेत, कारण आठ कोनांवर, वेगवेगळ्या मजल्यांवर भाराची दिशा वेगवेगळी. याने १३०५ चा मोठा भूकंप पचवला, १९२६ च्या सरदारांच्या लढाईत तोफेचे गोळे खाल्ले.

त्याला खरा दणका दिला तो मात्र माणसांच्या हौसेने. १९३० च्या दशकात गावातल्या प्रतिष्ठितांना वाटलं, वरच्या मजल्यांवरच्या मातीच्या भिंती काढून नक्षीच्या जाळीदार दारांनी शोभा येईल. त्या भिंतींच्या पोटात तिरपे टेकू होते. ते निघाले, आणि मनोरा दुसऱ्या मजल्यापाशी कलायला लागला. पाटीवरचा हा मजकूर ॲपवर वाचून दाखवला तेव्हा मामा एकच शब्द बोलला, "सुशोभीकरण!" वर जाणं आता बंद आहे. तळमजल्यावरचा अकरा मीटरचा बुद्ध बघायचा, मग बाहेर येऊन मनोऱ्याभोवती फेऱ्या मारायच्या. मेमध्ये वळचणीत शेकडो पाकोळ्या घरटी करतात. त्या दिवशी वावटळीसारखा धुळीचा वारा सुटला होता, डोळे उघडवत नव्हते, आणि पाकोळ्या त्या वाऱ्यात मजेत घिरट्या घालत होत्या. ओढणी किंवा मास्क जवळ ठेवाच.

वास्तू-इतिहासकार ल्यांग स्छंग यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा मनोरा अजून उभा आहे की नाही हे त्यांना पेकिंगमध्ये (आजच्या बीजिंगमध्ये) कळेना, म्हणून त्यांनी पत्त्यावर नुसतं 'यिंगश्येनमधला सर्वांत मोठा फोटो स्टुडिओ' लिहून पत्र धाडलं. एका फोटोवाल्याने खरोखर फोटो पाठवला. मोबदल्यात मागितले ते पेकिंगचे चांगले लिहायचे कागद.

गुरुवार : फोग्वांग

वूताय पर्वतावर बहुतेक प्रवासी थायहुआय गावात उतरतात, बोधिसत्त्व मंजुश्रीच्या देवळांच्या गर्दीत. फोग्वांग मंदिर तिथून बरंच लांब, दोउछुन गावाच्या बाजूला. बस धड नाही, गाडीच करावी लागते. मेमध्येसुद्धा सकाळी हात खिशातून निघत नव्हते, स्वेटर लागतोच.

८४५ साली तांग सम्राट वूत्सोंगने बौद्ध धर्मावर वरवंटा फिरवला. ४,६०० हून अधिक विहार पाडले, अडीच लाखांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवलं. फोग्वांगही त्यात गेलं. पुढच्याच वर्षी सम्राट वारला, नव्या सम्राटाने बंदी उठवली, आणि ८५७ मध्ये पूर्वेचं दालन पुन्हा उभं राहिलं. त्यानंतर जग त्याला विसरलं. १९३७ च्या उन्हाळ्यात ल्यांग स्छंग, त्यांची पत्नी लिन हुईयिन आणि दोन सहकारी खेचरांवरून इथे पोचले, तेव्हा तांग काळाची लाकडी इमारत बघायची तर जपानला जा, असं जपानी अभ्यासक सांगत असत. तुनहुआंगच्या एका लेण्यातल्या भित्तिचित्रात वूतायचा नकाशा आहे, त्यात या देवळाचं नाव होतं. त्या धाग्यावर ही मंडळी आली. छताच्या पोकळीत वटवाघळं आणि ढेकूण, धूळ बोटभर. लिन हुईयिन यांची दूरची नजर चांगली. तुळईच्या पोटावर पुसट शाईची अक्षरं त्यांनाच दिसली. परांची बांधून तुळया धुतल्या, तेव्हा एका बाईचं नाव वाचता आलं : राजधानीतली दानशूर शिष्या निंग गोंगयू. तेच नाव बाहेरच्या दगडी स्तंभावर होतं, आणि स्तंभावर साल होतं. कालनिश्चिती झाली. काही दिवसांतच मार्को पोलो पुलावर चीन-जपान युद्धाला तोंड फुटलं.

पायऱ्या उभ्या आहेत, गुहेसारख्या बोळातून वर काढतात. डोकं वर निघतं आणि छप्पर अंगावर येतं. दालन सात खणी, चौतीस मीटर रुंद. पण रुंदी लक्षात येत नाही, वळचण येते. भिंतीपासून जवळजवळ चार मीटर पुढे, आणि तिच्याखाली खांबाच्या उंचीच्या निम्म्या उंचीचे दोउगोंग. रंगरंगोटी नाही, सोनं नाही. विटकरी लाल खांब, उघडं लाकूड. शांशीत येईपर्यंत चिनी देऊळ म्हणजे रंगीत चित्रविचित्र काहीतरी, असं माझ्या डोक्यात होतं.

अंगणात थ्यानजिनहून आलेला वास्तुशास्त्राचा एक विद्यार्थी वहीत जोड काढत बसला होता. त्याचं इंग्रजी आणि मामाची रेखाटनं यांवर दोघांचं तासभर चाललं. त्या गुच्छातून तिरपे खाली उतरणारे लांब ओंडके दिसतात ना, ती तरफ आहे, त्याने काढून दाखवलं. बाहेरच्या टोकावर वळचणीचं ओझं, आतलं टोक तुळईखाली दाबलेलं, मधे गुच्छाचा टेकू. छप्पर स्वतःच्याच वजनाने वळचण उचलून धरतं. मामाने वहीतलं ते चित्र उलटं-सुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "पोरांनो, गणित केलंय बरं का यांनी."

मग खांब. बाहेरचे खांब किंचित आत झुकलेले असतात आणि मधून कोपऱ्याकडे जाताना उंची जराजरा वाढत जाते, म्हणून वळचणीची रेघ दोन्ही टोकांना हलकी उचललेली दिसते. मामाने पिशवीच्या दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधला आणि खांबाला न शिवता समोर ओळंबा धरला. वरच्या आणि खालच्या अंतरात फरक दिसला. पोरगा हसत म्हणाला, खांबाचं डोकं गोलावून बारीक केलेलं असतं, कडेवरून नका बघू, मध्यरेषेवरून बघा. तेवढ्यात राखणदार बोट हलवत आला. काय चाललंय ते कळल्यावर तोही ओळंब्यामागे एक डोळा मिटून उभा राहिला.

आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. मग तीसच्या वर मूर्तींची रांग उमटते, तांग काळच्याच, रंग नंतर चढवलेले. चौथऱ्याच्या टोकाला, सगळ्या बोधिसत्त्वांच्या मानाने अगदी लहान, एक बाई मांडी घालून बसलीय. हीच निंग गोंगयू. शीफू आतापर्यंत कुठल्याच देवळात आले नव्हते. इथे आले, तिच्यासमोर थांबले आणि ॲपवर लिहून मला दाखवलं : पैसे हिने दिले, बसली मात्र कोपऱ्यात.

उत्तरेचं मंजुश्री दालन ११३७ चं आहे. तिथे आतले खांब कमी करून लांब तुळयांवर छप्पर पेललंय. मामा वीस मिनिटं होता. मी बाहेर उन्हात बसले.

शुक्रवार : नानचान

ली-च्या-च्वांग गावाबाहेर, मक्याच्या शेतांजवळ. तीन खणी छोटं देऊळ, आत एकही खांब नाही. तुळईवर साल आहे ७८२, म्हणजे फोग्वांगहून पाऊणशे वर्षांनी जुनं. ८४५ च्या पाडापाडीतून सुटलं ते बहुधा इतकं किरकोळ होतं म्हणून. सम्राटाच्या माणसांना चांगआनचे विहार दिसत होते, हे कोण मोजणार. १९७४-७५ मध्ये मोठी दुरुस्ती झालीय, त्यामुळे छपराचा काही भाग नवा वाटतो. अर्ध्या तासात बघून होतं. जायच्या आधी उघडं आहे का ते ड्रायव्हरला फोन करून विचारायला सांगा.

संध्याकाळी थाययुआन. वेताच्या टोपलीत उभ्या रचलेल्या ओटच्या पिठाच्या नळ्या, वाफाळत्या, टोमॅटोच्या रश्शात बुडवून. व्हिनेगर आता आम्हीच मागून घेत होतो.

शनिवार : जिनत्स

थाययुआनजवळची ही बाग शनिवारी माणसांनी फुलते, लग्नाच्या फोटोंसाठी आलेल्या जोड्या सगळीकडे. १०२३ ते १०३२ मधलं पवित्र मातेचं दालन सोंग काळातलं. समोरच्या आठ खांबांना लाकडी ड्रॅगन विळखा घालून बसलेत, १०८७ चे. दालनापुढे तळं आणि त्यावर फुलीच्या आकाराचा पूल. आतल्या दासींच्या मातीच्या मूर्ती प्रत्येकीचा चेहरा वेगळा. एक तर नुकतीच रडून डोळे पुसून उभी आहे असं वाटतं.

फोग्वांगहून इथे आलं की फरक चटकन कळतो. सगळं हलकं झालंय, नाजूक झालंय. वळचणीची रेघ जास्त लवते, जोड आखूड. याच सोंग काळात दरबारी बांधकाम अधिकारी ली ज्येने नियमांचा ग्रंथ तयार केला, 'यिंगझाव फाशी', ११०३ साली छापलेला. लाकडाचे आठ दर्जे ठरवले, प्रत्येकाचा छेद तीनास दोन. एकदा दर्जा ठरला की तुळई किती जाड, हात किती लांब, सगळं त्याच मापाच्या पटीत. त्यात आणखी आहे : कुठल्या कामाला किती मजुरी, किती सामान. सरकारी कामांत हिशेब फुगवायची चाल होती, तिला आळा घालायला.

"म्हणजे दरसूची!" मामा तळ्याच्या कठड्यावर बसला. "आपल्या खात्याची दरसूची. नऊशे वर्षांपूर्वी!"

"आणि आळा बसला का?"

"दरसूचीने कुणाला आळा बसलाय गं?"

रविवार : बीजिंग

राजवाड्याचं (फॉरबिडन सिटीचं) तिकीट सात दिवस आधी, पासपोर्ट नंबर टाकून ऑनलाइन काढावं लागतं. सोमवारी बंद. भारतातलं बँक कार्ड अलीपेला निघण्याआधी जोडून ठेवा, रोख पैसे बघून दुकानदार गोंधळतात.

१४२० मध्ये पूर्ण झालेल्या या राजवाड्याची मुख्य दालनं दुसऱ्याच वर्षी वीज पडून जळाली. आज उभं आहे ते थायह दालन १६९५ चं, अकरा खणी. आकड्यांना इथे फार किंमत. तांग काळच्या कायद्यात तिसऱ्या आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाही पाच खणांहून मोठं दालन बांधता येत नसे. किती खण, कुठल्या आकाराचं छप्पर, वळचणीखाली जोड किती, यावरून मालक कोण ते रस्त्यावरूनच कळायचं. थायह दालनाच्या छपराच्या कोपऱ्यावर दहा प्राणी आहेत. तेवढे दुसऱ्या कुठल्याच इमारतीला नाहीत.

लोक सिंहासनाच्या दारापाशी फोन उंच करून ढकलाढकली करत होते. आम्ही बाजूला वळचणीखाली उभे राहिलो. जोड आहेत, शेकड्यांनी आहेत, निळे-हिरवे, सोनेरी कडा. पण चिमुकले, एकाला एक लागून, कशिदा काढल्यासारखे. ती तिरपी तरफ इथे नुसतं टोक होऊन उरलीय, मागे काही नाही. भार तुळया घेतात. खांबही एकसंध नाहीत. इतकी मोठी झाडं तोवर संपली होती, म्हणून ओंडके जोडून, लोखंडी पट्टे आवळून, वर लाल लेप.

पहिल्यांदा चीनला जाणाऱ्याला हे पटणार नाही, पण माझं ऐकाल तर शांशी आधी करा, राजवाडा शेवटी. उलटं केलं तर फोग्वांगला पोचल्यावर 'एवढंच?' असं वाटेल. वेळ कमी असेल तर दातोंग, यिंगश्येन आणि फोग्वांग एवढं करा. अधांतरी मंदिर सोडलं तरी चालेल, फोग्वांगचा बेत मात्र मोडू नका. आणि गुडघे दुखत असतील तर तिथल्या पायऱ्यांसाठी काठी न्या. मामाने नेली नव्हती, उतरताना शीफूंचा खांदा लागला.